माळखडीची साईट

सात देशांनी मिळून एक संस्था काढायची ठरवली हुती. नुसत्या पावसाच्या पान्यावर जी शेती हुती, ज्वारी-बाजरी-तुरीची, तिचा अभ्यास करनारी. पैसा सात देशांचा, जागा हिंदुस्थानची. त्या संस्थेचं हेडक्वार्टर कुठं बांधायचं ते ठरवायला तीन जागा बघायच्या हुत्या, आन् त्यातली एक जागा आमच्या नगर जिल्ह्यातली, माळखडी. मी पयल्यांदा ऐकलं तवा जीपच्या इंजनात डोकं घालून हुतो. इतका हसलो की बोनेट मानंवर आलं.

माळखडी म्हंजी कुसळं आन् धोंडं. त्र्याहत्तर साल उजाडलं हुतं आन् पावसाचं तोंड बघून लोकास्नी वरसं झाली हुती. गावात तीन हिरी. तिन्हींच्या तळाला बाया उतरायच्या आन् वाटीनं पानी भरायच्या, ते बी पदरानं गाळून. ढोरं निम्मी छावनीत, निम्मी खाटकाकडं. तिथं सात देशांचं हेडक्वार्टर!

मी मच्छिंद्र, ब्लॉक हापिसात जीप डायव्हर. त्याच्या आदी पंधरा वरसं नगरला मिलिटरीच्या गॅरेजात हुतो. साहेब लोकांच्या गाड्या धुता धुता विंग्रजी कानात शिरली ती शिरलीच. बोलता येत न्हाई, पर कळतं सगळं. हे मी हापिसात कुनाला कळू दिलं न्हाई. ह्याला कायबी कळत न्हाई आसं वाटलं की मोठी मानसं त्याच्याम्होरं लई खरं बोलत्यात.

पाव्हन्यांची सरबराई आमच्या डेप्युटी साहेबाकडं. हा साहेब म्हंजी कडक इस्त्रीचा मानूस. जीपमधी बसायच्या आदी सीटवर रुमाल हातरायचा. त्यानं माझ्या हातात पत्र दिलं आन् बजावलं, "मच्छिंद्र, सरपंचाला सांग. खड्डे तयार पाहिजेत, सहा फूट खोल, चार. परदेशी साहेब माती तपासणार आहेत. आणि गावकरी लांब ठेवायचे. अर्ज नकोत, हात जोडणं नको, रडगाणं नको. मला तिथं गर्दी दिसता कामा नये."

"एक कुत्रं दिसनार न्हाई साहेब," मी म्हनलो.

माळखडीच्या चावडीवर सरपंच भाऊसाहेबानं पत्र मोठ्यानं वाचलं. भाऊसाहेबाला कागद वाचायचा म्हंजी कीर्तन करायचं; मान डोलवत, दर शबदाला थांबत. "साईट. सिलेक्शन. समिती. मौजे माळखडी येथे. साईटच्या. पाहणीकरिता येत असून..."

एवढ्यावर चावडीत आसा आवाज उठला की पिंपळावरचे कावळे उडाले.

आता ध्यानात घ्या. त्या वरसात आमच्याकडं साईट ह्या शबदाला एकच अर्थ हुता. दुष्काळी काम जिथं चालतं ती साईट. खडी फोडायची, ताली घालायच्या, तलाव खांदायचा, ती साईट. बाया एकमेकीला रामराम न घालता "तुझी साईट कंची?" म्हनायच्या. माळखडीचा पाझर तलाव दिवाळीच्या आदी पुरा झाला आन् तवापासनं गावाला साईट न्हवती. सगळ्यांत जवळची साईट वाघदऱ्याची, रस्त्याच्या खडीची, नऊ कोस लांब. तिथं जायचं म्हंजी पालं ठोकून तिथंच ऱ्हायाचं. आन् ती बी भरलेली.

अशा गावात सरकारी शिक्क्याचं पत्र आलं, की साईट निवडायला समिती येतीय आन् तिच्या आदी खड्डे खांदून ठिवा.

"मस्टर कवा उघडनार? नावं कवा लिवनार?" सूर्यभाननं विचारलं. हा गावातला सगळ्यांत दांडगा खांदनारा, पर आता बरगड्या मोजून घ्याव्या आसा झाल्ता. भाऊसाहेबानं माझ्याकडं बघितलं. सगळ्या चावडीनं माझ्याकडं बघितलं. जीप माझी, पत्र मी आनलेलं.

त्या घटकेला तोंड उघडून सांगायला पायजे हुतं. पर माझ्या डोळ्याम्होरं डेप्युटी साहेबाचं तोंड आलं. सीटवरचा रुमाल घडी करून साहेब खाली उतरतोय आन् म्होरं दोनशे मानसं, घमेली डोक्यावर, कुदळी खांद्यावर! पोटात आशा गुदगुल्या झाल्या की मला दुसरं काय सुचलंच न्हाई. आन् गंमत म्हंजी मला एक शबुद खोटा बोलायची गरज न्हवती. मी जीपच्या लॉगबुकातली चार पानं टरकावली, पेन्सिल कानावरनं काढली आन् म्हनलो, "लायनीत या. नाव, बापाचं नाव, वय."

भामाबाई सगळ्यांत म्होरं. तोंडात दात न्हाई, कमरेत वाकलेली.

"वय?"

"लिव तीस."

"म्हातारे, तुझा ल्योक चाळीसाचा हाय."

"मग एकतीस लिव."

चावडी हसली. लई दिसांनी हसली आसंल, कारन हसता हसता दोघं-तिघं खोकायला लागली. मी बी हसलो आन् एकतीस लिवलं.

मग गोजरबाई आली. पन्नाशीची, काटक बाई, पुढचा एक दात पडलेला. माझ्या मावशीच्या शेजारची, म्हनून मी तिला आक्का म्हनायचो. तिनं नाव सांगायच्या आदी विचारलं, "साईट गावातच हाय नव्हं, मच्छिंद्रा? वाघदऱ्याला न्हाई ना न्यायचं?"

"तुमच्याच माळावर, आक्का."

"ह्यांचं तुला ठावं हाय."

ठावं हुतं. तिचा मालक सहादेव, तलावाच्या कामावर त्याच्या पायावर धोंडा आल्ता. चार महिनं झालं, घरात पडून. जखम भरत न्हवती. लेक एकच, ती लांब दिलेली. वाघदऱ्याला गेली तर सहादेवाला कोन बघनार, न्हाई गेली तर दोघं काय खानार. ह्या एका कोड्यात बाई दोन महिनं अडकून पडल्ती. वाघदऱ्याच्या मागच्या मस्टरला बी ती ह्याच्यापायीच गेली न्हवती. आता साईट तिच्या दारात आल्ती. तिनं अंगठा उठवला आन् दात पडलेल्या फटीतनं हसली.

तवा माझ्या पोटात काय तरी टोचलं. पर मी त्याला भूक समजलो.

मातीच्या नमुन्याला चार खड्डे पायजे हुते. मानसं एकशे सत्त्याऐंशी. तरी त्यांनी पाळ्या लावून खांदलं. वरला हात-दीड हात काळी, खाली चुनखडी, त्याखाली मुरूम आसा की कुदळ मारली की ठिनगी. चार दिस मी काय ना काय निमित्त काढून चक्कर मारायचो. गोजरबाई खड्ड्यात, भामाबाई काठावर घमेलं झेलायला. पोटात चिंचेचा पाला, पर काम नेटकं. कामाच्या रीतीपरमानं त्यांनी दर खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच उभा ठिवला. साईटवर तो ठिवावाच लागतो; किती खोल खांदलं हे त्या खांबावरनं मुकादम मापतो, आन् मापावर रोज. खांब पडला तर मेहनत मातीत. गोजरबाई घरी जाताना खांबावर ओलं फडकं टाकून जायची, ऊन लागून ढासळू न्हाई म्हनून. प्यायला पानी न्हाई आन् खांबाला ओलं फडकं.

पाचव्या दिशी मी साहेब लोकांना घिऊन आलो. मागं एक उंच साहेब, पांढऱ्या केसांचा, मातीतला जानकार. त्याच्या शेजारी एक जाडा साहेब, सात देशांच्या पैशाचं बघनारा. माझ्या बाजूला रुमालावर डेप्युटी साहेब.

माळाच्या चढावर जीप आली आन् म्होरं सगळं गाव. हलगी वाजाया लागली. एकशे सत्त्याऐंशी मानसं चार रांगांत, घमेली, कुदळी, फावडी. आन् डेप्युटी साहेबाचं तोंड! काय सांगू तुमास्नी. दुधात माशी पडलेली दिसावी आन् दूध पाव्हन्याच्या हातात आसावं, तसं. मी स्टेअरिंग धरून पोटातल्या पोटात लोळत हुतो.

"हे काय आहे, मच्छिंद्र?"

"स्वागत हाय साहेब. मी लई सांगितलं, ऐकत न्हाईत. पाव्हना म्हंजी देव."

उंच साहेब तवर खाली उतरून खड्ड्याकडं गेल्ता. मधला खांब बघितला आन् तो जागच्या जागी थांबला. मग बुटासकट खड्ड्यात उडी टाकली आन् त्या खांबाला दोन्ही हातांनी आसं धरलं जसा लहानपनी हरवलेला भाऊच भेटला. माती वरपासनं खालपस्तोर हलवल्याबिगर उभी ऱ्हायलीय, आसं त्याला कुठंच कुनी करून दिलं न्हवतं म्हने. त्यानं एक पुस्तक काढलं, सगळ्या पानांवर नुसते रंगाचे चौकोन, आन् मातीचा रंग पुस्तकाशी जुळवायला लागला. बाटलीतनं एक थेंब टाकला, माती फसफसली. बाया मागं सरल्या. मग त्यानं टेप काढली.

टेप बघितली आन् गोजरबाई काठावरनं म्होरं झाली. "अय साहेब! टेप वरनं धर, वरनं! गवताच्या मुळापासनं! दोन बोटं मारतुयास की."

साहेबानं मान वर केली. बाई काय म्हणते, आसं डेप्युटीला विंग्रजीत इचारलं. डेप्युटीला हलगीत ऐकू आलं न्हवतं; तो माझ्याकडं वळला, "अरे, काय म्हणते ती?"

"माती पार वरच्या थरापासनं बघा म्हनती," मी सांगितलं. त्यातबी खोटं कायच न्हवतं.

डेप्युटीनं ते साहेबाला सांगितलं. साहेबाचं तोंड उजळलं. बाई बरोबर बोलते म्हनला, आन् त्यानं टेप गवताच्या मुळापासनं धरून पुन्हा मापलं. गोजरबाई मागं वळून बायांना म्हनली, "हा मानूस इमानदार हाय गं. आपल्या मुकादमावानी न्हाई."

वर आल्यावर साहेबानं तिचा मातीचा हात हातात घेतला, हलवला, आन् सगळ्या गावाकडं बघून मोठ्यानं म्हनला, "एक्सलंट साईट! एक्सलंट साईट!"

त्यातला एक शबुद सगळ्या गावाला कळला. टोप्या उडल्या. हलगीवाल्याचा हात थांबंना. सूर्यभान रडत हुता. भामाबाई, वय एकतीस, कमरेवर हात ठिवून नाचली.

परत निघालो तवा मी आजून हसतच हुतो. मागं साहेब लोक बोलाय लागले. मराठीत सांगतो.

उंच साहेब म्हनला, अशी माती मी सगळ्या दौऱ्यात पाहिली नाही. जाडा म्हनला, मातीला कोण विचारतं? पाणी कुठं आहे? दोनशे कुटुंबांची वसाहत, प्रयोगशाळा, पोरांना शाळा, जवळ विमानतळ. पैसे देणारे देश विचारतील, आमचा माणूस आंघोळ कशानं करणार?

उंच साहेब म्हनला, कोरडवाहू शेतीची संस्था, ती पाण्याच्या जागी बांधायची?

जाडा म्हनला, कोरड पिकांना सोसायची आहे, शास्त्रज्ञांना नाही.

आन् हसला. डेप्युटी बी हसला, कळलं आसो नसो. मग जाड्यानं सांगितलं की जागा तर दोन महिन्यांमागंच ठरली, तिकडं दक्षिनेत, तळ्याच्या काठाला. सातापैकी पाच देशांनी ती जागा आसंल तरच पैसा देऊ आसं लिवून दिलं.

उंच साहेबानं मांडीवरचं रंगाचं पुस्तक मिटलं. "मग मला इथं का आणलं?"

"तीन जागा पाहिल्या असं लिहावं लागतं. तिसरा रकाना रिकामा होता."

माझं हसू कुठं गेलं ते मला कळलं न्हाई. आरशात बघितलं तर मागं धुरळ्यात गाव दिसंना, नुसती हलगी ऐकू येत हुती.

शनवारी हापिसात नोटीस लागली. वाघदऱ्याला खडीचं नवं मस्टर, सोमवारी सकाळी, नावं चारशे. त्याच्यानंतर शिमग्यापस्तोर नवं नाव घ्यायचं न्हाई, मंजुरीच तेवढी हुती. मी नोटीस दोनदा वाचली. ज्याचं नाव सोमवारी लागंल तो जगंल, आसा तिचा सरळ अर्थ. आन् माळखडीचं एक मानूस तिकडं जानार न्हवतं, कारन त्यांचं मस्टर माझ्या खिशात हुतं.

रविवारी जीप घिऊन गेलो. साहेबाच्या नावानं पेट्रोल घातलं. चावडीवर उभा ऱ्हाऊन सगळं सांगितलं. ही साईट ती साईट न्हवं. ही हेडक्वार्टरची साईट, परदेशी संस्थेची. ती बी दक्षिनेत गेली. मस्टर मी थट्टेनं लिवलं. उद्या सकाळच्या आत वाघदरा गाठा.

मग भाऊसाहेबाच्या नाकातनं फुर्रकन आवाज आला. मग सूर्यभान. मग सगळी चावडी.

"मच्छिंद्रा, लेका, हे झ्याक हाय!"

"हेडक्वार्टर म्हनं! परदेशी! आपल्या माळावर!"

"मर्दा, चंद्रावर मानूस गेल्ता त्या साली तूच आमाला डोंगरावर नेलं हुतंस. परतीच्या वाटंला हितं उतरनार म्हनून. मी नारळ घिऊन रातभर बसलो, नारळ!"

"आईशपथ खरं सांगतोय," मी वरडलो.

"ती शपथ तवा बी घेतली हुतीस," भाऊसाहेब डोळं पुसत म्हनला.

मी लॉगबुकाची पानं काढून त्यांच्याम्होरं धरली. ह्यावर शिक्का हाय का? सही हाय का? ही जीपच्या किलोमीटरची पानं हायती. तर सूर्यभान म्हनला, "फाडू नको बाबा, आमची नावं हायती त्याच्यात."

मग माझ्या डोळ्यांत पानी आलं. खरंच आलं. त्यावर लोकं जमिनीवर लोळायची बाकी ऱ्हायली. "आता तर रडतूय बी! आरं तमाशात का गेला न्हाईस तू!" मागनं कुनीतरी बारीक आवाजात म्हनलं, "वाघदऱ्याच्या मुकादमानं धाडला आसंल. आपन तिकडं गेलो की हितली साईट दुसऱ्या गावाला." ते मातर कुनी हसन्यावारी न्हेलं न्हाई. दोन-चार जन माझ्याकडं वेगळ्या नजरंनं बघाय लागले. साहेबानं सोता "एक्सलंट साईट" म्हनलेलं समद्यांनी कानानं ऐकलं हुतं. मी कोन?

जीपकडं आलो तर गोजरबाई मडगार्डला हात लावून उभी. ती चावडीत हसली न्हवती.

"खरं हाय नव्हं?" ती म्हनली.

"तुला कसं कळलं?"

"तू थट्टा करतूस तवा तुझं कान हलत्यात. आज हललं न्हाईत." मग म्हनली, "मेल्या."

एवढंच. शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं.

"आक्का, आत्ता चल. मी नेतो. उद्या मस्टरला तुझं नाव पयलं लावतो."

"आन् हे?"

आमी दोघं तिच्या घरी गेलो. सहादेव खाटल्यावर. घरात वास हुता, लिंबाच्या पाल्याचा आन् त्याखाली दुसरा. गोजरबाईनं त्याला सगळं सांगितलं, खालमानेनं, जसा काय गुन्हा तिचाच. सहादेवानं ऐकून घेतलं आन् मोठ्यानं हसला.

"येडी हायीस तू. मच्छिंद्राचं ऐकतीस? साईट गावात येनार म्हंजी येनार. पर आसं कर, तू वाघदऱ्याला जाऊन नाव लाव. दोन साईटवर नाव आसलं तर बिघडलं का? हितली सुरू झाली की मी हाय ना. पाय न्हाई, तोंड हाय. मुकादम व्हतो. बसून वरडायचंच काम."

"आन् तुमचं पानी, भाकर?"

"बनुबाई दील की शेजारची. आदीबी देतच हुती."

गोजरबाईनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. मग ती लुगडं आन् तवा बांधायला आत गेली. ती आत गेल्याबरुबर सहादेवानं माझं मनगट धरलं. हात तव्यावानी तापलेला.

"मला पयल्या दिशीच कळलं हुतं," तो हळू म्हनला. "हितं चावडीतलं समदं ऐकू येतं. भामाबाईचं वय लिवताना तू हसलास. सरकारी मानूस मस्टर लिवताना कवा हसलाय?"

"मग बोलला का न्हाईस, दादा?"

"काय बोलू? चार दिस ती खड्ड्यातनं यायची आन् खांब कसा राखला ते सांगायची. दोन महिन्यांत ती माझ्यासंगं बोलली न्हवती, नुसती बसायची." त्यानं दम खाल्ला. "तिला ने. माझ्यापायी हितं बसली तर दोघं जाऊ. पाय वरपस्तोर काळा झालाय, तिला दावला न्हाई. तिला म्हन, हितली साईट येनार हाय. तुला जमतंय तसलं."

"आता मला कुनी खरं मानत न्हाई."

"खोटं मानत्यात की. खोटंच सांग."

ती गाठोडं घिऊन बाहीर आली. सहादेव पुन्हा मोठ्यानं म्हनला, "जा, जा. आन् तिकडच्या मुकादमाला सांग, माझा मालक बी मुकादम हाय!"

तिला जीपमधी पुढं बसवली. सोमवारी सकाळी वाघदऱ्याला चारशे नावांसाठी हजार मानसं हुती. ब्लॉकची जीप बघून मुकादमानं वाट दिली. तिचं नाव सदतिसावं लागलं. दुपारी मस्टर बंद झालं, तवा बी लोकं रस्त्यानं येतच हुती. माळखडीचं कुनी न्हवतं. ते माळावर खड्ड्यांच्या काठाला बसून हुते, खांबांवर फडकी टाकून.

बुधवारी मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टराला घिऊन जानार हुतो. डेप्युटी साहेबानं जीप नगरला नेली, पाव्हन्यांना निरोप द्यायला. बेस्तरवारी डॉक्टर दुसऱ्या साईटवर, तिथं पटकीची साथ. शुक्रवारी त्याला जीपमधी घालून माळखडीला पोचलो, तर बनुबाई दारात बसल्ती. पहाटंच गेला म्हनली. रात्री तिला सारखं सांगत हुता म्हनं, माप नीट घ्या, बाईनं खांब राखलाय.

डॉक्टर आत गेला न्हाई. दारातनंच बघितलं आन् माझ्या खांद्यावर हात ठिवून जीपमधी जाऊन बसला. त्याला वाटंत उतरवलं आन् मी वाघदऱ्याला गेलो.

ऊन डोक्यावर आल्तं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला बाया खडी फोडीत बसल्या हुत्या, शेकड्यानं हातोडे एकदम पडत हुते. गोजरबाईनं मला लांबनं बघितलं. हातोडा थांबला न्हाई. मी तिच्याम्होरं जाऊन उभा ऱ्हायलो. जन्मभर ह्या तोंडानं मानसं हसवली, फशिवली, आन् तिथं जीभ टाळ्याला चिकटली.

"सुकडी खाल्लीस का?" तिनंच इचारलं. "त्या पिपात आसंल उरलेली."

"आक्का."

तिनं हातोडा खाली ठिवला. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या कानांकडं. लई येळ. शेजारच्या बाया हात थांबवून बघाय लागल्या. मुकादम लांबनं वरडला, "ए, काय बसली! माप घ्यायचंय!"

"मच्छिंद्रा," ती म्हनली. "म्हन, थट्टा केली."

मी खाली खडीकडं बघितलं.

"म्हन की. एवढं गाव हसवलंस. माझ्याम्होरं एकदा म्हन."

"थट्टा केली, आक्का," मी म्हनलो.

"व्हय?"

"व्हय. तो बसलाय खाटल्यावर. मुकादमी करतोय."

तिनं मान डोलावली. पदरानं तोंडावरची खडीची भुकटी पुसली, हातोडा शेजारनीच्या मांडीवर ठिवला आन् गुडघ्यावर हात टेकत उठली.

"मग चल," ती म्हनली. "जाऊन बघून येऊ."